सांगणारे किती आणि पाहणारे किती?

आपल्या भाषेत खऱ्या बातमीपेक्षा संशयास्पद बातमीला अधिक नावे आहेत. वार्ता आणि बातमी ही सरळ नावे झाली. पण वदंता, अफवा, आवई, भुमका, कंडी, बाजारगप अशी दुसरी मालिका पाहिली, म्हणजे आपल्या पूर्वजांनी या विषयाचा विचार किती बारकाईने केला होता ते कळते. वदंता म्हणजे लोक म्हणतात ते. खरे असेल, नसेल. आवई उठते ती शत्रू आल्याची, तेव्हा तिच्या पोटात भीती असते. कंडी कोणी तरी पिकवितो, म्हणजे तिच्यामागे कोणाचा तरी हेतू असतो. बाजारगप बाजारात ऐकावयाची आणि बाजारातच ठेवून घरी यावयाचे. सांगणाऱ्याने 'एक भुमका ऐकली' असे म्हणताच ऐकणारा सावध होई. बातमीचे नाव हीच तिची पहिली परीक्षा होती.

आज आपल्या हातातील मोबाइलच्या पडद्यावर जे येते, ते सगळे एकाच आकाराच्या चौकटीत आणि एकाच वळणाच्या अक्षरात येते. सरकारी हुकूम, शेजाऱ्याचा तर्क, डॉक्टरांचा सल्ला आणि कोणी तरी पिकविलेली कंडी या सर्वांना 'पोस्ट' हे एकच नाव पडले आहे. वदंता आणि वार्ता यांमधील फरक जो पूर्वी शब्दच सांगत असे, तो आता वाचकाने स्वतः ओळखावयाचा आहे. तो कसा ओळखावा, याविषयी आज मला काही सांगावयाचे आहे. त्यासाठी उदाहरणे शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. अहमदनगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर झाले आहे, तो लोकप्रिय गोष्टींच्या बाबतीत चांगला संपन्न आहे.

प्रथम या नव्या साधनांची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. लोकांच्या पसंतीवर बातम्यांचा क्रम लावणारी जी संकेतस्थळे आहेत, तेथे कोणती बातमी वर राहावी हे संपादक ठरवीत नाही. वाचकांची मते ठरवितात. जिला अधिक पसंती मिळते ती वर चढते. वर चढली म्हणून अधिक लोकांच्या दृष्टीस पडते. आणि अधिक लोकांच्या दृष्टीस पडली म्हणून तिला आणखी पसंती मिळते. आठवड्याच्या बाजारात ज्या पालापुढे चार माणसे उभी असतात तेथेच पाचवा जाऊन उभा राहतो, तसाच हा प्रकार. मुचनिक, अरल आणि टेलर या तीन संशोधकांनी २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अशाच एका संकेतस्थळावरील १,०१,२८१ अभिप्राय त्यांनी घेतले, आणि त्यांतील काहींना, वाटेल ते निवडून, आरंभीच पसंतीचे एक मत स्वतः देऊन ठेवले. मजकुरात काडीचाही बदल केला नाही. त्या एका उसन्या मतामुळे पुढच्या पहिल्याच वाचकाने पसंती देण्याचा संभव ३२ टक्क्यांनी वाढला, आणि शेवटी त्या अभिप्रायांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी अधिक भरले. उलट, ज्यांना आरंभी नापसंतीचे मत दिले होते त्यांना पुढील वाचकांनी सावरून घेतले. म्हणजे खोटी निंदा लोक दुरुस्त करतात. खोटी वाहवा मात्र दुरुस्त करावी असे कोणास वाटत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अहिल्याबाईंच्या प्रकरणात तिचा पुन्हा प्रत्यय येणार आहे.

अशा रीतीने एखाद्या गोष्टीवर दहा हजार पसंतीच्या खुणा दिसल्या, तर त्यावरून ती दहा हजार लोकांस आवडली एवढेच सिद्ध होते. ती किती जणांनी पाहिली, याचा त्या आकड्यात मुळीच उल्लेख नसतो. न्यायालयात हा भेद फार पूर्वीपासून पाळला जातो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने असा दंडक घातला की, जी गोष्ट पाहावयाची ती पाहणाऱ्यानेच सांगावी. दुसऱ्याकडून ऐकलेली सांगून चालणार नाही. त्या कायद्याच्या जागी जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला आहे, पण हे तत्त्व कायम आहे. खेड्यातील शंभर माणसे साक्षीस उभी राहिली आणि शंभरांनीही 'पाटलाने सांगितले' असे म्हटले, तर साक्षीदार एकच, तो म्हणजे पाटील. आणि त्यानेही ते कोणाकडून ऐकले असेल तर एकही नव्हे.

आता नगरकडे वळू. नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागले, म्हणजे बारा-तेरा किलोमीटरवर डोंगराच्या माथ्यावर एक तीन मजली, अष्टकोनी, दगडी इमारत दिसते. कोणासही विचारा, तो 'चांदबिबीचा महाल'. सहलीस आलेली शाळेची मुले तेच सांगतील, सोबतचे गुरुजीही बहुधा तेच सांगतील, आणि संकेतस्थळांवर त्या नावाची हजारो छायाचित्रे सापडतील. वस्तुतः ती सलाबतखानाची कबर आहे. हा सलाबतखान मूर्तझा निजामशहाचा प्रधान, आणि मूर्तझाची कारकीर्द संपली १५८८ साली. चांदबिबी नगरच्या किल्ल्यात पराक्रम गाजविते ती त्यानंतर सात वर्षांनी. पुरातत्त्व खात्याच्या यादीत इमारतीचे खरे नाव आहे; पण यादी पाहावयास जाण्याचीही गरज नाही. इमारतीच्या तळघरात थडगी आहेत. महालाच्या तळघरात थडगी बांधण्याची रीत कोणत्याही देशात असल्याचे ऐकिवात नाही.

येथे खोटे कोणीच बोलले नाही. सलाबतखानाचे नाव लोक विसरले, चांदबिबीचे राहिले, आणि मोठ्या नावाने लहान नावाची इमारत आपल्याकडे ओढून घेतली एवढेच घडले. लोकप्रिय गोष्टींचा हा सामान्य धर्मच आहे. चटकदार वचन कोणाचेही असो, ते शेवटी कोणा थोर पुरुषाच्या तोंडी जाऊन बसते. आपल्या घरी येणाऱ्या सुविचारांपैकी किती सुविचार ज्यांच्या नावाने येतात त्यांचे असतील, याची मला दाट शंका आहे. असो.

चांदबिबीची दुसरी गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. मोगलांच्या वेढ्यात तोफांचे गोळे संपले, तेव्हा तिने तांब्याची नाणी, मग रुप्याची, मग सोन्याची आणि शेवटी आपले जडजवाहीर तोफेत भरून शत्रूवर डागले, ही ती गोष्ट. एल्फिन्स्टनने १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात ती दिली आहे. परंतु मूळ मजकुरात नव्हे, तर तळटीपेत, आणि तीही दख्खनमधील लोकांची आवडती गोष्ट म्हणून. लेखकाने गोष्ट कोठे बसविली यावरून त्याने तिला किती तोलली हे कळते. याच्या उलट, सुरुंगाने तट पडला असता चांदबिबी बुरखा घेऊन, नंगी तलवार हाती धरून भगदाडात उभी राहिली आणि एका रात्रीत तट पुन्हा उभारविला, ही हकिकत फरिश्ता देतो. हा फरिश्ता लहानपणी बापाबरोबर नगरास आला, मूर्तझा निजामशहाच्या चाकरीत वाढला आणि १५८९ साली विजापुरास इब्राहीम आदिलशहाकडे गेला. १५९५-९६ च्या वेढ्याच्या वेळी तो नगरात नव्हता हे खरे. पण ज्या दरबारात तो होता तेथे चांदबिबी पूर्वी अल्पवयी इब्राहीमची पालक होती, नगरची माणसे त्याच्या ओळखीची होती, आणि त्याने लिहिले ते अवघ्या दहा-पंधरा वर्षांत. नाणी तोफेत घालणे अशक्य नाही. परंतु शक्य असणे आणि घडलेले असणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर केवळ साक्षीनेच भरून निघते. आमच्या वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींविरुद्ध त्यांची मुख्य तक्रार हीच होती. बखर मागाहून लिहिलेली. पत्र त्या वेळचे. मोबाइलवर येणारी ऐतिहासिक गोष्ट ही बखरीचीही बखर असते.

पण चांदबिबीची जी हकिकत नगरकरांनी विसरू नये, ती तिच्या मृत्यूची. १६०० साली शाहजादा दानियालच्या फौजेने किल्ल्यास वेढा घातला होता. या वेळी किल्ला टिकणार नाही असे चांदबिबीस दिसून चुकले. तो मोगलांच्या हवाली करावा आणि बालराजा बहादूर यास घेऊन सुखरूप जुन्नरास जावे, असा तिचा विचार झाला, आणि तो तिने हमीदखान नावाच्या अधिकाऱ्याजवळ बोलून दाखविला. फरिश्ता सांगतो की, तो तसाच बाहेर धावला आणि किल्ल्यातील रस्त्यांतून ओरडत सुटला की, चांदबिबी मोगलांस सामील झाली, किल्ला शत्रूस देते आहे. लोक खवळले, हमीदखानाच्या पाठोपाठ तिच्या महालात घुसले आणि त्यांनी तिला ठार केले. पाच वर्षांपूर्वी जिने त्यांच्यासाठी तट उभारला होता ती हीच, हे त्या घटकेस कोणाच्या ध्यानी राहिले नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरुंग उडाले, किल्ला पडला, आतील शिबंदीची कत्तल झाली आणि बालराजाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली.

या आवईची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. ती सर्वस्वी खोटी नव्हती. किल्ला देण्याचा विचार चालू होता, हे खरेच होते. हमीदखानाने त्यास एकच गोष्ट जोडली, ती म्हणजे हेतू. निरुपाय म्हणून केलेला विचार त्याने फितुरी म्हणून सांगितला. ज्या बातमीत घटना खरी आणि हेतू जोडलेला असतो, तिचा निकाल लावणे सर्वांत कठीण असते. कारण चौकशी करणारा घटनेपाशी जातो, ती खरी आढळते, आणि मग त्याच भरवशावर तो हेतूही पदरात घेतो. आजचे खरे छायाचित्र आणि त्याखाली लिहिलेली खोटी ओळ हा त्यातलाच प्रकार. तेव्हा अशी बातमी हाती आली, की तिचे दोन तुकडे करावे. काय घडले, हा एक तुकडा. का घडले, हा दुसरा. पहिला सांगणारा कोणी साक्षीदार असू शकतो. दुसरा बहुधा सांगणाऱ्याच्या मनातला असतो.

आता या जिल्ह्यास जिचे नाव मिळाले, तिच्याविषयीच्या गोष्टीकडे येऊ. अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. त्यांच्याविषयी एक गोष्ट दर वर्षी जयंतीच्या सुमारास, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, घरोघर येते. ती अशी. अहिल्याबाईंचा पुत्र मालेराव इंदूरच्या रस्त्याने रथातून जात असता त्याच्या चाकाखाली एक वासरू सापडून मेले. गाय रस्त्यातच बसून राहिली. अहिल्याबाईंनी चौकशी केली, आणि ज्याने आईदेखत वासरू मारले त्यास त्याच रथाखाली चिरडावे, अशी पोटच्या मुलास शिक्षा फर्माविली. सारथी मिळेना, तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या. काही ठिकाणी गोष्ट येथे मुलाच्या मृत्यूने संपते. काही ठिकाणी तीच गाय पुन्हा पुन्हा रथाच्या आडवी येते, मुलगा वाचतो, आणि म्हणून इंदुरातील त्या जागेस आडा बाजार हे नाव पडले असे सांगतात.

एकाच गोष्टीचे दोन शेवट असणे, आणि एकात मुलगा मरणे नि दुसऱ्यात वाचणे, हेच प्रथम शंकेस कारण आहे. पण आपण तेवढ्यावर थांबू नये. लोकप्रिय गोष्ट तपासण्याचा एक चांगला मार्ग असा की, तिच्याभोवती जे पक्के खुंटे आहेत ते आधी रोवावे आणि मग गोष्ट त्यांत बसते की नाही ते पाहावे. येथील खुंटे कोणते? अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. सासरे मल्हारराव १७६६ च्या मे महिन्यात वारले. त्यानंतर सुभेदारी मिळाली ती अहिल्याबाईंस नव्हे, तर मालेरावास. तो जेमतेम नऊ-दहा महिने सुभेदार होता आणि १७६७ साली वारला. दौलतीचा अधिकार अहिल्याबाईंकडे आला तो त्याच्या मृत्यूनंतर, माधवराव पेशव्यांच्या संमतीने. आणि त्यांनी आपली राजधानी केली ती महेश्वरास. मल्हारराव मोहिमेवर असता दौलतीचे पुष्कळ काम त्या पाहत असत, हे खरे. तथापि पुत्र जिवंत असता अहिल्याबाई न्यायासनावर राज्यकर्त्या म्हणून बसल्या आहेत आणि त्यांच्यापुढे पुत्र आरोपी म्हणून उभा आहे, असा एकही दिवस या काळात सापडत नाही. पुत्राच्या अखेरच्या दिवसांत दौलतीचा धनी तोच होता.

दुसरा मार्ग, हीच गोष्ट दुसऱ्या कोणाच्या नावाने पूर्वी सांगितली गेली आहे काय, हे शोधण्याचा. शोधले असता ती थेट सिंहलद्वीपात सापडते. 'महावंस' या पाली ग्रंथात, जो सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातील मानतात, एलार नावाच्या चोळ देशातून आलेल्या राजाची हकिकत आहे. त्याच्या मुलाच्या रथाखाली वासरू मेले. गाईने येऊन न्यायाची घंटा ओढली. राजाने त्याच चाकाखाली मुलाचा शिरच्छेद करविला. तमिळ देशात हीच कथा मनुनीति चोळ राजाची म्हणून तिरुवारूरशी जोडलेली आहे, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात त्या राजाचा पुतळा उभा आहे. अहिल्याबाईंच्या जन्मापूर्वी हजार वर्षांहून अधिक काळ तोच रथ, तेच वासरू आणि तोच न्यायी राजा या देशात हिंडत आहेत. मोठ्या नावाने इमारत ओढून घेतली हे आपण नगरजवळच्या डोंगरावर पाहिले. येथे मोठ्या नावाने गोष्ट ओढून घेतली.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? गोष्ट खोटी असली तरी अहिल्याबाईंची न्यायनिष्ठा खरी होती ना? मी स्वतः याच ठिकाणी अडखळतो, आणि त्यास कारण आहे. सर जॉन मॅल्कम याने माळव्याविषयीचा आपला ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध केला. अहिल्याबाईंस वारून तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती आणि त्यांना पाहिलेली माणसे हयात होती. अहिल्याबाईंनी पुत्राच्या दुर्वर्तनाला कंटाळून त्याचा मृत्यू घडवून आणला, असा एक प्रवाद त्या वेळी होता. मॅल्कमने त्याची चौकशी केली आणि ती माता निर्दोष होती असा निर्वाळा दिला. मालेरावास बुद्धिभ्रंश झाला. आपण मारलेल्या एका कशिदाकाराचे भूत आपणास झपाटते आहे असे त्यास आणि इतरांस वाटू लागले. अहिल्याबाई त्याच्या उशाशी रात्रंदिवस बसून त्या पिशाच्चास विनवीत राहिल्या. आणि त्यातच तो गेला, अशी हकिकत त्यास मिळाली. तीत रथ नाही आणि वासरूही नाही. आहे ती आजारी मुलाशेजारी बसलेली आई. ज्या बाईने पती, सासरा आणि एकुलता मुलगा तेरा वर्षांत गमावले, तिच्यावरचा पुत्रघाताचा आरोप दोनशे वर्षांपूर्वी चौकशी होऊन धुऊन निघाला होता. तोच आरोप आज आपण तिची स्तुती म्हणून एकमेकांस पाठवितो आणि खाली हात जोडल्याची खूण करतो. वाहवा होती म्हणूनच तो कोणी तपासला नाही.

येथपर्यंतच्या गोष्टींत साक्षीदारच नव्हते, असे म्हणता येईल. पण साक्षीदार पुष्कळ असले म्हणजे झाले काय? २१ सप्टेंबर १९९५ या गुरुवारी आपल्यापैकी अनेकांनी गणपतीच्या मूर्तीपुढे चमचाभर दूध धरले असेल. तेव्हा मोबाइल नव्हते. तरी ट्रंककॉलने आणि टेलिफोनने ती बातमी एका दिवसात लंडनमधील साउथॉलच्या मंदिरापर्यंत पोहोचली. येथे सांगणारे नुसते सांगणारे नव्हते, त्यांनी स्वतः पाहिले होते, आणि ते प्रामाणिक होते. चमचा रिकामा झाला, हे खरोखरच दिसत होते. मूर्ती दूध प्याली, हे मात्र कोणीच पाहिले नव्हते. ते अनुमान होते. दिल्लीहून पाठविलेल्या सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा चमच्यातून ओढले गेलेले दूध पातळ थराने मूर्तीच्या अंगावरून खाली उतरताना दिसू लागले. पृष्ठताणाने द्रव असा ओढला जातो. तेव्हा साक्षीदार भेटला तरी त्याने डोळ्यांनी काय पाहिले आणि मनाने काय जोडले, हे त्यास वेगवेगळे विचारले पाहिजे. साक्ष पहिल्याचीच.

खोट्या गोष्टी अधिक वेगाने का पसरतात, याविषयीही आता अटकळीवर विसंबावयाचे कारण राहिलेले नाही. वोसुघी, रॉय आणि अरल यांनी २०१८ साली ट्विटरवरील सुमारे १,२६,००० वृत्तांचा प्रवास तपासला; २००६ ते २०१७ या काळात सुमारे ३० लाख लोकांनी ती पसरविली होती. खोटे वृत्त पुढे पाठविले जाण्याचा संभव खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळला, आणि दीड हजार लोकांपर्यंत पोहोचावयास खऱ्याला खोट्याच्या सहापट वेळ लागला. हे यंत्रांनी केले काय, तेही त्यांनी पाहिले. केले होते ते माणसांनीच. खोट्यात नावीन्य अधिक असते. खऱ्याला जे घडले त्याच्या बाहेर जाता येत नाही. कल्पनेला ही अडचण नसते.

यातील प्राणाशी गाठ पडणारा भाग शेवटी सांगतो. नगर जिल्ह्यातून निघून नाशिक जिल्हा ओलांडला, म्हणजे धुळे जिल्हा लागतो. तेथे साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तेथे आठवड्याचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात आधी काही दिवसांपासून मोबाइलवर येत होते. पाचांपैकी एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलला, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले. जमावाने त्यांना धरले, मारले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले, आणि तेथे ते पाचही जण प्राणास मुकले.

त्या उन्हाळ्यात देशभर जी चित्रफीत फिरत होती, तीत मोटारसायकलवरील दोघे जण रस्त्यावर खेळणारे मूल उचलून पळताना दिसतात. ती कराचीतील होती. मुलांची काळजी घ्या, हे पालकांस सांगण्यासाठी एका संस्थेने तयार केलेले ते छोटे नाट्य होते. मूळ चित्रफितीत ते दोघे जण मूल परत आणून देतात आणि उपदेशाचा फलक दाखवितात. तो शेवट कोणी तरी कापून टाकला होता. त्याच सुमारास पसरलेल्या एका चित्रात रांगेने निजविलेली मृत मुले दिसत. ती सिरियातील २०१३ सालच्या विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली मुले होती. घटना खरी, शोक खरा. देश आणि साल मात्र दुसरेच. त्या जुलैतच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास बंदी घातली, आणि पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. ती खूण वाचावी. तिचा अर्थ एवढाच की, पाठविणाऱ्याने हे लिहिलेले नाही. तो आपला सख्खा भाऊ असला तरी या बाबतीत तो साक्षीदार नव्हे. इतके करूनही १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या आवईवरून दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक यांचा असाच अंत झाला.

चित्राची परीक्षा आता घरबसल्या करता येते. मोबाइलवर 'गुगल लेन्स'सारखे साधन असते. त्यास चित्र दाखविले, म्हणजे ते पूर्वी कोठे कोठे प्रसिद्ध झाले होते ते पुष्कळदा कळते, आणि त्यात एखादे जुने साल सापडले की कालच्या घटनेचा बनाव तेथेच संपतो. मजकुराच्या बाबतीत एक निराळा अनुभव स्टॅनफर्ड विद्यापीठातील वाइनबर्ग आणि मॅग्रू यांना आला. त्यांनी २०१७ साली दहा इतिहासकार, पंचवीस विद्यार्थी आणि बातम्या पडताळण्याचा व्यवसाय करणारे दहा जण यांच्यापुढे तीच ती संकेतस्थळे ठेवली. इतिहासकार आणि विद्यार्थी ते पान काळजीपूर्वक वरपासून खालपर्यंत वाचीत राहिले आणि पुष्कळदा फसले. पडताळणी करणारे फसले नाहीत, कारण ते त्या पानावर थांबलेच नाहीत. हे लिहिणारा कोण, आणि त्याच्याविषयी इतर लोक काय म्हणतात, ते पाहावयास लगेच दुसरीकडे गेले. कागद कितीही निरखून पाहिला तरी तो आपल्याविरुद्ध साक्ष देत नाही. सुशिक्षित घरांत या चुकीचा संभव अधिक असतो असे मला वाटते, कारण लक्षपूर्वक वाचण्याची सवय हाच आम्हांस पुरेसा सावधपणा वाटतो.

भयाच्या बातमीला मात्र मोबाइलपेक्षाही जुने एक साधन लागू पडते. मूल पळविले गेले असेल, तर त्यास नाव असते, वय असते, आई असते, गाव असते, आणि पोलीस ठाण्यात त्याची नोंद असते. राईनपाड्याच्या घटनेनंतर पोलिसांनी सांगितले की, त्या भागात मुले पळविणारी टोळी असल्याच्या वार्तेस काहीच आधार नव्हता. त्या बाजारात बहुतेक जण आसपासच्या पाड्यांवरचे, एकमेकांस ओळखणारे होते. मूल कोणाचे हरवले, हे तेथल्या तेथे विचारून घ्यावयास घटकाभराहून अधिक वेळ लागला नसता.